उरलेली सहा अक्षरं

दहावीच्या मराठीत कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो. उत्तर तीन मुद्द्यांत लिहायचं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. मुद्दे चांगले आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिसऱ्या मुद्द्याखाली वर्षानुवर्षं उमटणाऱ्या एका वाक्याशी. ‘अंत्ययमकामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली असून शब्दांच्या पुनरावृत्तीमुळे नादमाधुर्य निर्माण झाले आहे.’ हे वाक्य पावसाच्या कवितेला चालतं, आईवरच्या कवितेला चालतं, देशभक्तीच्या कवितेला चालतं आणि ताटातुटीच्या कवितेलाही चालतं. मुलं ते पाठ करतात, आम्ही शिक्षक त्याला गुण देतो आणि पुढची उत्तरपत्रिका उघडतो. जे वाक्य कुठल्याही कवितेला लागू पडतं, ते समोरच्या कवितेबद्दल काहीच सांगत नसतं. त्याला गुण देऊन आपण मुलांना न ऐकता बोलायला शिकवतो.

वृत्त, यमक आणि पुनरुक्ती हे कवितेचे दागिने आहेत, असं आपण धरून चाललो आहोत. मला हे मान्य नाही. कवितेतला माणूस शब्दांत जे बोलत नाही, ते याच तीन गोष्टी बोलतात. हातातून सुटलेल्या प्रेमाच्या कवितेत तर हे सगळ्यात जास्त, कारण असा माणूस सहसा सरळ बोलतच नाही. तो हवापाण्याबद्दल बोलतो, बोटीच्या वेळापत्रकाबद्दल बोलतो. खरं काय झालं, ते ओळ कुठे अडखळली यावरून कळतं. ते ऐकायला शिकवणं हे भाषेच्या तासाचं काम आहे, आणि आपण ते करत नाही.

उगाच हवेत बोलण्यापेक्षा एक कविता घेऊ. खाडीपलीकडच्या एका तरुणाची आहे. नाव छापू नका म्हणाला, कारण जिच्यावर लिहिली ती मुलगी याच पंचक्रोशीतली.

तुझी बोट गेली, धुके दाटलेले,
दिवे पैलतीरी मुके वाटलेले;
तुला सांगण्याचे मनी राहिले ते,
‘पुन्हा ये’ म्हणालो, ‘पुन्हा ये’ म्हणालो.

किती पावसाळे इथे कोसळावे,
किनाऱ्यास पाणी किती आदळावे;
इथूनी कुणीही निघाला तरीही
‘पुन्हा ये’ म्हणालो, ‘पुन्हा ये’ म्हणालो.

तशी बोट जाते, तशी बोट येते,
कुणाला कुणाची नवी भेट देते;
तुझी पत्रिका ही टपालात आली,
‘पुन्हा ये’ म्हणालो...

ही थोर कविता आहे असा माझा दावा नाही. पण हिच्यात ऐकण्यासारखं बरंच आहे.

आधी चाल. एक लघू म्हणजे आखूड अक्षर, मग दोन गुरू म्हणजे लांब अक्षरं. तीन अक्षरांचा हाच गण, यगण, ओळीत चार वेळा. बारा अक्षरं; लघूची एक आणि गुरूच्या दोन धरून वीस मात्रा. वृत्त भुजंगप्रयात. जुन्या अभ्यासक्रमात शिकलेल्यांना ‘यमाचा, राधिका, ताराप’ ही गणांची खूण अजून पाठ असेल. नसलं तरी अडत नाही, कारण मनाचे श्लोक ज्याच्या कानावरून गेलेत त्याला हे वृत्त येतंच. रामदासांनी दोनशे पाच श्लोक याच चालीत बांधले. कोकणात आजही कितीतरी घरांत तिन्हीसांजेला दिव्याजवळ मुलं ते म्हणतात.

आणि इथेच पहिला गैरसमज गळून पडतो. अमुक वृत्त करुण रसाचं, तमुक वीररसाचं, असं आपण मुलांना सांगत आलो. मनाला उपदेश करणारं खणखणीत वृत्त आणि धक्क्यावर एकट्या राहिलेल्या पोराचं वृत्त एकच असेल, तर रस वृत्तात भरून ठेवलेला नाही हे उघड आहे. वृत्त ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा तयार करतं. ती अपेक्षा पुरी होते, लांबते की मोडते, यावर पुढचं सगळं अवलंबून. कालिदासाच्या ‘मेघदूता’तलं मंदाक्रांता वृत्त बघा. चार गुरूंवर श्वास धरून ठेवायचा, मग पाच लघू एकामागून एक धावतात, एका गुरूवर थांबतात, आणि उरलेली सात अक्षरं झुलत जातात. प्रियेपासून दूर अडकलेल्या यक्षाला ही चाल शोभते, यात वाद नाही. पण हीच मंदाक्रांता स्तोत्रालाही चालते. शोभते ती कवीने थांबा कुठे घेतला आणि तिथे कोणता शब्द ठेवला, त्यामुळे.

आपल्या पोराने थांबा प्रत्येक ओळीत मधोमध घेतला आहे. सहा अक्षरं, क्षणभर विसावा, पुन्हा सहा. ‘तुझी बोट गेली’ हे घडलं. ‘धुके दाटलेले’ हे मागे उरलं. पहिल्या अर्ध्यात क्रियापद आहे, दुसऱ्यात तेही नाही, नुसती एक स्थिती आहे. अकराव्या ओळीपर्यंत हा सहा-सहाचा हिशेब एकदाही चुकत नाही. हे लक्षात ठेवायचं, कारण शेवटी त्याचीच गरज पडते.

आता यमक. पहिल्या दोन ओळी जुळतात, दाटलेले आणि वाटलेले. मराठी कानाला मग तिसरी-चौथीही जुळेल असं वाटतं. तिसरी येते: ‘तुला सांगण्याचे मनी राहिले ते’. या ‘राहिले ते’ला जोडी हवी आणि ती मिळत नाही. चौथी ओळ भलतंच काहीतरी म्हणते. जे सांगायचं राहिलं त्याच ओळीचं यमकही राहिलं. दुसऱ्या कडव्यात ‘तरीही’ तसंच लोंबकळतं. तिसऱ्यात ‘टपालात आली’ येतं आणि तेही एकटं. पण थांबा, याला जोडी आहे. ती अगदी वर, पहिल्या ओळीच्या मधल्या विसाव्यावर आहे: ‘तुझी बोट गेली’. दोन्ही ओळी ‘तुझी’नेच सुरू होतात. गेली ती बोट, आली ती पत्रिका. दहा ओळींच्या अंतरावर हे यमक जुळलंय, आणि जुळलंय ते चुकीच्या गोष्टीवर. पोराने हे मुद्दाम केलं की त्याच्या कानाने परस्पर केलं, मला ठाऊक नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. कवितेत ते आहे.

हिचं कच्चं काय, तेही सांगायला हवं, नाहीतर रसग्रहण म्हणजे नुसती स्तुती होते. मराठीत वाक्य क्रियापदाने संपतं, त्यामुळे आपल्याकडे यमक फार स्वस्तात मिळतं. गेले, आले, झाले. येते, देते, नेते. दाटलेले-वाटलेले हे त्या स्वस्ताईतलंच. येते-देते तर त्याहून दुबळं, कारण ‘बोट भेट देते’ असं धक्क्यावर कुणी बोलत नाही. ते ‘देते’ केवळ यमकासाठी आणलंय. उलट कोसळावे-आदळावे ऐका. पाणी एकदा वरून येतं, एकदा समोरून, आणि दोन्हीकडचा तो ‘ळा’ जिभेला वळावं लागेल असा. हे यमक कमावलेलं आहे. विरहाच्या कवितांचा मोबाइलवर जो पूर लोटतो, त्यात आठवणीला साठवण आणि प्रीतीला रीत ठरलेलीच. यमक आधीच ओळखता आलं की दुःखही आधीच ओळखीचं वाटतं आणि मग ते कुणाचंच राहत नाही. हा फरक मुलांना नीट समजतो. त्यांना तो विचारला जात नाही, एवढंच.

आता पालुपद, म्हणजे त्या उत्तरपत्रिकेतलं ‘नादमाधुर्य’. ‘पुन्हा ये म्हणालो’ हे शब्द तीन ठिकाणी तेच आहेत, पण काम तीन वेगळी करतात. पहिल्यांदा ते तिला म्हटलेत. आपल्याकडे निघणाऱ्याला ‘पुन्हा ये’ म्हणणं ही रीत आहे, पाहुण्यालाही आपण तेच म्हणतो. मनातलं सांगायचं राहिलं म्हणून पोराने रीत पुढे केली, आणि एकदा म्हणून भागेना म्हणून दोनदा म्हटली. दुसऱ्या कडव्यात तेच शब्द तो धक्क्यावरून निघणाऱ्या कुणालाही म्हणतोय. मधे पावसाळे गेलेत. जे एकीसाठी होतं ते सवय झालंय. तिसऱ्या वेळी पत्रिका हातात आहे, म्हणजे आता ‘पुन्हा ये’ला अर्थच उरलेला नाही. तो सवयीने सुरुवात करतो आणि मधल्या विसाव्यावर थांबतो. सहा अक्षरं झाली, सहा राहिली. दहा मात्रांची शांतता आहे, आणि ती ऐकू येते, कारण आधीच्या अकरा ओळींनी तिथे काय यायला हवं ते कानात पक्कं केलंय.

एक प्रयोग करा. शेवटची ओळ पुरी करून मोठ्याने वाचा. कविता गोड गाणं होते आणि पत्रिकेचं काहीच वाटत नाही. मग उलट करा. शेवट अर्धाच ठेवा, पण दुसऱ्या कडव्यातलं पालुपद काढून तिथे दुसरी ओळ घाला. आता शेवटची तुटलेली ओळ छपाईची चूक वाटते. पुनरुक्ती इथे माधुर्यासाठी नाही, मोडण्यासाठी लागणारी सवय ती लावते. ‘नादमाधुर्य निर्माण झाले आहे’ असं या कवितेबद्दल लिहिणाऱ्याने ती वाचलेलीच नाही, आणि त्याला आपण गुण देतो.

चौथा चरण तोकडा ठेवायची खोड या पोराने कुठून आणली, असा प्रश्न पडेल. आणायला कुठे जावंच लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि यमकाशिवाय. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि मग चारच अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं, चौथा मोकळा. मराठी कवितेने शेकडो वर्षं शेवटच्या पावलाला जमीन कमी ठेवली आहे. तिथे कान थांबतो, मन पुढे जातं. जात्यावर बसलेल्या बायकांनी माहेरचं, परगावी गेलेल्या धन्याचं दुःख ओवीतच घातलं. भुजंगप्रयात संस्कृतातून आलं, पण त्यातली ओळ अर्ध्यावर सोडून द्यायचं धैर्य या देशी कानातलं आहे, असं मला वाटतं.

आणि कान म्हणाल तर तो कोकणात कमी नाही. म्हणूनच मला जास्त राग येतो. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, आरत्या सुरू होतात, आणि पाच वर्षांचं पोरही टाळी कुठे द्यायची ते चुकत नाही. दुसऱ्याची चुकली तर लगेच त्याच्याकडे बघतं. गुहागर-संगमेश्वरकडे जाखडी नाचातले शक्तीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र एकमेकांना पद्यात सवाल टाकतात. समोरच्याने एक मात्रा जास्त कोंबली तर नाचणाऱ्याच्या पायातले घुंगरू ते आधी सांगतात. सिंधुदुर्गात डबलबारी भजनाचे बुवा ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवतात आणि पखवाजी त्याला तोलून धरतो. हे सगळं मात्रा मोजणंच आहे, फक्त कागदाशिवाय. नवरात्रात, शिमग्यात, सप्ताहात हेच. आणि त्याच गावची मुलं वर्गात येऊन लिहितात की गेयता प्राप्त झाली आहे. घरात जिवंत असलेलं ज्ञान शाळेच्या दाराशी चपलेसारखं काढून ठेवायला आपणच लावतो.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक बाजू म्हणते, वृत्तं जुनी झाली, आता मुक्तछंदाचा काळ आहे, मात्रा मोजायला शिकवून काय करायचं? मालगुंडचे केशवसुत आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जातात. बंडखोरी करायला निघालेल्या या माणसाने बंध फेकून दिले नाहीत. उलट चौदा ओळींचा एक परका बंध आणून तो मराठीत रुजवला. मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या कवी अनिलांनी पुढे दहा ओळींची दशपदी स्वतःला बांधून घेतली, आणि ‘दशपदी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुक्तछंदाचं तंत्रही कुठली अपेक्षा उभी करायची आणि कुठे मोडायची हेच असतं. ज्याला ती ऐकूच येत नाही, त्याला मुक्तछंद म्हणजे तोडलेलं गद्य वाटतो. आणि हल्ली बरंचसं तोडलेलं गद्य त्या नावाखाली खपतंही.

दुसरी बाजू वृत्तप्रेमींची. काव्यमेळाव्यांत पहिल्या रांगेत बसलेले हे जाणकार बोटांवर मात्रा मोजतात आणि वीस भरल्या की मान हलवतात. आपल्या पोराची शेवटची ओळ यांच्यापुढे वाचली तर ‘वृत्तभंग’ एवढंच म्हणतील. भंग झाला हे बरोबर. पण कुठे झाला, का झाला, झाला नसता तर काय गमावलं असतं, हे विचारल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. रसग्रहण लिहिणारं मूल आणि हा जाणकार, दोघंही कवितेत काय काय आहे याची यादी करून थांबतात.

आणखी एक गोष्ट बरेच भले लोक बोलतात. कविता अनुभवायची असते, चिरफाड केली की ती मरते. त्यातून प्रेमाची कविता, तिला कशाला हात लावायचा? कवी माधव जूलियन यांचं उदाहरण मी इथे देते. ‘विरहतरंग’ त्यांनीच लिहिलं आणि मराठी छंदांचा काटेकोर शास्त्रीय अभ्यास असलेली ‘छंदोरचना’ही त्यांचीच. विरहाची कविता लिहिणारा आणि लघू-गुरू मोजणारा माणूस एकच होता. मोजण्याने त्यांची कविता मेली नाही, मग आमच्या मुलांची का मरावी? कविता मरते ती तयार वाक्याने.

करायचं काय, तर फार नाही. कविता आधी मोठ्याने वाचून दाखवायला लावायची, आणि तोंडी परीक्षेत त्यासाठी खरोखरचे गुण ठेवायचे. थांबा कुठे घेतला, का घेतला, हे मुलाने सांगायचं. लेखी परीक्षेत ‘भाषिक वैशिष्ट्ये लिहा’ असं मोघम विचारण्याऐवजी मूळ ओळ आणि बदललेली ओळ शेजारी छापायची आणि काय बदललं ते विचारायचं. अशा प्रश्नाला पाठ केलेलं वाक्य चालणार नाही. तपासायला अवघड जाईल, अशी तक्रार होईल. जाईल. सगळ्यांची उत्तरं सारखी आल्याने तपासणं सोपं होतं, पण ती सोय शिकणाऱ्याची नव्हे. गणांची नावं शिकवू नयेत असंही माझं म्हणणं नाही. ती शिकवावीत, पण कानाने फरक पकडल्यावर. आधी नाव आणि मग फरक अशी उलटी वाट आपण धरली, म्हणून मुलांना वृत्त म्हणजे गणितातला राहून गेलेला भाग वाटतो.

हे वर्गात जमतं, असं मी अनुभवाने सांगते. ही कविता मी नववीच्या मुलांना टाळीवर म्हणायला लावली. यगण हा शब्द उच्चारला नाही. शेवटच्या ओळीवर सगळ्या टाळ्या पुढे गेल्या आणि तोंडं थांबली, तेव्हा काय झालं ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मग म्हटलं, उरलेल्या सहा अक्षरांत तिला बोलू द्या. बहुतेकांनी तिच्या तोंडी रडणं घातलं. एकीने लिहिलं: ‘कुणाला? कशाला?’ टाळीवर म्हणून बघितलं, तंतोतंत बसलं.

मग वर्गात भांडण लागलं. मुलं म्हणाली, हा त्याच्यावर अन्याय आहे, तो बिचारा इतके पावसाळे थांबला. ती मुलगी म्हणाली, तिसरी ओळ वाचा, सांगायचं मनातच ठेवलं असं तोच म्हणतोय. मग ती कशावरून थांबेल? मागच्या बाकावरून एकाने आणखी काढलं, की दुसऱ्या कडव्यात तो सगळ्यांनाच ‘पुन्हा ये’ म्हणतो, म्हणून ‘कुणाला?’ हा प्रश्न बरोबरच आहे. दुसरी एक म्हणाली, उत्तर बरोबर असलं तरी कवितेत घालू नका, ती गप्पच बरी, कारण ती गप्प राहिली म्हणून तो अडखळला. तास संपला तरी दोन्ही बाजू हटल्या नाहीत. प्रत्येक जण आपली बाजू कुठली ओळ, कुठला शब्द, कुठला थांबा, हे दाखवून मांडत होता, आणि गेयता कुणीच काढली नाही.